वाचकांनी राखलेले पुराण

सासष्टीतील एका खेड्याच्या चर्चमध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांच्या स्मरणार्थ काव्यवाचनाची स्पर्धा भरली, तेव्हा परीक्षक म्हणून बसण्याचा मान प्रस्तुत लेखकास मिळाला. प्रत्येकाने क्रिस्तपुराणातील वीस ओव्या वाचावयाच्या होत्या. गुणपत्रकात उच्चार, लय व हावभाव यांच्या जोडीला ‘मूळ पाठाशी निष्ठा’ असाही एक रकाना होता. काही मुलांच्या हाती रोमन लिपीतील कागद होते, काहींच्या हाती देवनागरी; आणि दोहोंत क्वचित शब्दभेद होता. “फादर, यांतला मूळ कोणता?” असे एका मुलीने विचारले. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न आहे.

स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५४९ च्या सुमारास विल्टशर परगण्यात त्यांचा जन्म झाला. १५७५ मध्ये रोम येथे ते येशूसंघात दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंतची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः सासष्टीत काढली. हा काळ शांततेचा नव्हता. या प्रांतातील देवळे त्यापूर्वीच पाडण्यात आली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले. त्यांचे मृतदेह परत आणण्याच्या कामी स्टीफन्स यांनी पुढाकार घेतला. पुढे त्याच गावच्या गांवकरांना पोर्तुगीज सत्तेने असोळणे येथे बोलावून ठार केले. अशा भूमीत हे काव्य उगवले, याचा आपणास विसर पडू नये.

काव्याच्या आरंभीच त्याच्या जन्माची कथा आहे. धर्मशिक्षण चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विनवितो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? या विनंतीत श्रद्धा आहे, तशी एक मूक तक्रारही आहे. ज्याच्या कानांतून ओवी काढून घेतली, तो ओवीच परत मागत होता. १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेलेले क्रिस्तपुराण हे त्या मागणीचे उत्तर होय. ‘पैले पुराण’ व ‘दुसरे पुराण’ अशा त्याच्या दोन भागांत मिळून सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. भाषा मराठी, परंतु सामान्य श्रोत्यांना कळावे म्हणून कोंकणी शब्दांची जोड दिली असल्याचे कवी प्रस्तावनेत स्वतःच सांगतो. तीन चरणांचे यमक आणि आखूड चौथा चरण ही रचनाही कानासाठीच आहे.

आणि ते खरोखर ऐकले गेले. रविवारी व सणांच्या दिवशी मिस्सा आटोपल्यावर चर्चमध्ये त्याचे वाचन होई. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही उत्पत्तीपासून पुनरुत्थानापर्यंतची कथा आपल्या बोलीच्या वळणाने मिळाली. पौलाने रोमकरांस लिहिताना विश्वासाचा संबंध श्रवणाशी जोडला आहे, याचे याहून बोलके उदाहरण आपल्या इतिहासात विरळा.

१६४९ व १६५४ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला. पुढे मात्र वारे फिरले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर यांनी फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असे ठरविले. ज्या भाषेतून चर्चने उपदेश केला, तीच आता संशयास्पद ठरली. उपर्युक्त तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही.

मग पुराण वाचले कसे? वाचकांमुळे. गोव्यात व मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांत ते हाताने उतरवून घेतले गेले, घरोघर गायिले गेले. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जस्टिन ॲबट यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाली.

तेव्हा त्या मुलीला सांगावयाचे ते हे : मुली, तुझ्या हातातला आणि तुझ्या मैत्रिणीच्या हातातला, असे दोन्ही पाठ कोणा ना कोणा वाचकाने जपून पुढे दिलेले आहेत. छापील मूळ ग्रंथ हरवला. वाचणारे हरवले नाहीत. म्हणून ही स्पर्धा कवी-धर्मगुरूंचा गौरव करते, तेव्हा त्या अनाम लेखनिकांचा व गाणाऱ्या मातांचाही गौरव करते.

संयोजकांना एकच सुचवावेसे वाटते. पारितोषिके वाटून झाल्यावर सर्वांनी मिळून एक प्रसंग सलग वाचावा, ज्याला जी लिपी येते तीतून. आणि पूर्वीची पुराणे गमावलेल्या त्या ब्राह्मणाची विनंतीही त्यात गाळू नये. त्या वाचनाला गुण देण्याची गरज नाही.