तंबाखू, कायदा आणि धारवाडी पेढा

गोव्याच्या माणसाला हुबळी-धारवाड कधीच परके वाटले नाही. आमच्या आधीच्या पिढीतली कितीतरी माणसे शिकायला तिकडे गेली. गाण्याचे वेड असलेल्यांना गंगूबाई हनगलांची हुबळी आणि मल्लिकार्जुन मन्सुरांचे धारवाड ही तीर्थक्षेत्रेच. 2014 साली सरकारने नाव ‘हुब्बळ्ळी’ केले, तरी आमच्या तोंडी अजून हुबळीच आहे. माझ्या ताईचा मुलगा तिथे इंजिनिअरिंगला आहे. त्याला भेटायला मागच्या हिवाळ्यात गेलो, आणि जे पाहिले त्यामुळे हा लेख लिहायला बसलो.

मडगावहून गाडी दूधसागर ओलांडून कॅसलरॉकला पोचली की मला आजोबांच्या गोष्टी आठवतात. 1961 पर्यंत ही दोन देशांची सीमा होती. कुळेला पोर्तुगीजांची तपासणी, कॅसलरॉकला हिंदुस्थानची. पेट्या उघडायच्या, गाठोडी सोडायची. घड्याळे, सोने, परदेशी सिगारेटी काय काय लपवून नेत असत लोक! त्या काळात अलीकडे आमच्याकडे दारू खुली होती, आणि पलीकडे धारवाड जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात असल्याने तिथे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. त्या कायद्यात विकणाराच नव्हे, परवान्याशिवाय पिणाराही गुन्हेगार. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

असो. हुबळीच्या त्या दीड किलोमीटर लांब फलाटावर उतरून (1507 मीटर, जगातला सर्वांत लांब म्हणतात) मी भाच्याच्या खोलीवर गेलो. टेबलावर एक निळी, चपटी, छान गुळगुळीत वस्तू पडली होती. आम्ही कारकून माणसे. फाईलमधल्या ओळी रंगवायचा मार्कर असेल म्हणून मी उचलली आणि टोपण ओढू लागलो. टोपण निघेना. वास मात्र आला, पिकलेल्या आंब्याचा.

"मामा, तें पेन न्हय!" भाचा हसला आणि लगेच गप्प झाला.

ती वेप होती, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेट. आत बॅटरी, एक तापणारी तार आणि निकोटिन मिसळलेला, सुगंधी द्रव. ओढले की द्रवाची वाफ होते. आग नाही, राख नाही, कपड्यांना वास नाही, आईला फोनवरून काही कळायची सोय नाही. मी म्हणालो, "अरे, ह्याच्यावर बंदी आहे ना?" तर तो शांतपणे म्हणाला, "मामा, बंदी विकण्यावर आहे. ओढण्यावर नाही."

वीस वर्षे सरकारी नोकरीत आहे, कायद्याची कलमे टंकून बोटे झिजली, आणि ह्या पोराने मला निरुत्तर केले. गोव्यात परतल्यावर मी कायदा काढून वाचला. पोरगा बरोबर होता.

पण त्या कायद्याकडे वळण्याआधी चारशे वर्षे मागे जाऊ.

‘तंबाखू’ हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीज ‘ताबाकु’वरून आला. अमेरिकेतले हे रोप पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावर आणले आणि दख्खनमध्ये ते झपाट्याने पसरले. अकबराचा सरदार असदबेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात वकील म्हणून गेला होता. हुबळी-धारवाडचा मुलूख तेव्हा त्याच आदिलशाहीत. परतताना, 1604-05 च्या सुमारास, त्याने इतर नजराण्यांबरोबर तंबाखू आणि रत्नजडित नळी नेली. अकबराला कुतूहल वाटले. त्याने एक-दोन झुरके घेतले. दरबारी हकीम मात्र अडून बसला. ही वस्तू आपल्या वैद्यकात नाही, तिची परीक्षा झालेली नाही, फिरंगी घेतात म्हणून आपण घ्यायची काय, असा त्याचा सवाल होता. असदबेगाने उलट वाद घातला. जगात प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीनच असते, असे त्याचे म्हणणे. अकबराने पुढे तंबाखूची सवय लावून घेतली नाही, पण असदबेगाने सरदारांना वाटला, त्यांना गोडी लागली, व्यापाऱ्यांनी विकायला सुरुवात केली आणि हकीम बाजूला राहिला.

योगायोग पाहा. त्याच 1604 साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहीत होता आणि त्यावरचा कर जबर वाढवत होता. इकडे 1617 साली जहांगीरने तंबाखू ओढण्यावर बंदीचे फर्मान काढले. आपल्या आत्मचरित्रात त्याने ते नोंदवलेही आहे, आणि इराणच्या शाह अब्बासनेही अशीच बंदी घातल्याचे तो लिहितो. पण पुढची नोंद गमतीची. जहांगीरचा वकील खानआलम इराणला गेला, त्याला तंबाखूवाचून राहवेना, तेव्हा शाहने त्याला खास सवलत दिली! बंदी सर्वांना, सवलत मोठ्यांना. हे काही आजचे नाही.

आमच्या गोव्यात काय होते? पोर्तुगीज सरकारने बंदी वगैरे घातली नाही. त्यांनी तंबाखूच्या व्यापाराचा मक्ता आपल्या हातात ठेवला. ब्राझीलमधल्या बाइया प्रांतातला तंबाखू जहाजांनी गोव्यात येई आणि त्याचे उत्पन्न तिजोरीत जाई. म्हणजे राज्यकर्त्यांपुढे दोन वाटा पहिल्यापासून होत्या. वस्तू वाईट म्हणून थांबवायची, किंवा वाईट असली तरी महसूल देते म्हणून चालू द्यायची. गेली चारशे वर्षे सगळी सरकारे ह्या दोन्ही वाटांवर एकाच वेळी एकेक पाय ठेवून उभी आहेत.

हुबळीहून उत्तरेला बेळगाव जिल्ह्यात निपाणी आहे, मराठी बोलणारे गाव. तिथला विडीचा तंबाखू नामांकित. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तंबाखूला रास्त भाव मागत महामार्गावर ठाण मांडले. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मारले गेले. तंबाखू म्हणजे वाईट सवय एवढेच नव्हे, ते कुणाचे तरी वर्षाचे पीक असते आणि विड्या वळणाऱ्या बाईची रोजची भाकरी असते, हे निपाणीने दाखवले. म्हणूनच पानातला तंबाखू बंद करायचे धाडस कुठलेच सरकार करीत नाही.

मग बंदी कशावर घालायची? पुडीवर. इथे माझी स्वतःची गोष्ट सुरू होते.

मी कॉलेजात असताना गुटखा खायला लागलो. दिवसाला आठ-दहा पुड्या. महाराष्ट्राने 2002 च्या ऑगस्टमध्ये गुटखा बंद केला, पण 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. अन्नभेसळ कायद्याखाली असा अधिकार राज्याला नाही, केंद्राला आहे, असा निकाल. आपल्या गोव्याने 2005 साली वेगळा रस्ता काढला आणि आपल्याच सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून गुटखा बंद केला. आपण लहान राज्य, पण ह्या बाबतीत पुढे होतो, ह्याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

मला मात्र तेव्हा अभिमान वाटला नाही. मला फक्त पुडी महाग झाली. गाड्यावरचा माणूस आधी चारी बाजूंना पाहायचा, मग पत्र्याच्या डब्याखालून काढून द्यायचा. दिवसभर कार्यालयात सरकारी परिपत्रके टंकायची आणि संध्याकाळी त्या डब्याखालची पुडी घ्यायची, असे मी दोन वर्षे केले. मग एके दिवशी भजी खाताना लक्षात आले की तोंड पुरते उघडत नाही. दातांच्या डॉक्टरांनी तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. गालांच्या आतली कातडी सुपारी-तंबाखूने ताठ झाली होती. त्या दिवशी सुटली. कायद्याने नाही, त्या तिसऱ्या बोटाने. तोंड अजूनही पूर्ण उघडत नाही.

पुढे केंद्राच्या 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत खाद्यपदार्थात तंबाखू व निकोटिन नको असे कलम आले, आणि त्या आधाराने 2012 मध्ये मध्य प्रदेश, महाराष्ट्र, तर 31 मे 2013 ला कर्नाटक, अशी राज्ये एकामागून एक गुटखा बंद करीत गेली. धंदेवाल्यांनी काय केले? पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत. दोन्ही कायदेशीर! मिसळायचे काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर.

वेपची गोष्ट ह्याच मालिकेतली. ती आजच्या रूपात चीनमधल्या होन लिक ह्या औषधनिर्मात्याने 2003 च्या सुमारास आणली, सिगारेट सोडवायचे साधन म्हणून. कर्नाटकाने जून 2016 मध्येच तिच्या विक्रीवर बंदी घातली, देशात लवकर पाऊल उचललेल्या राज्यांपैकी ते एक. केंद्राने 2018 च्या ऑगस्टमध्ये सर्व राज्यांना तसा सल्ला दिला. मात्र ही वस्तू ‘औषध’ ह्या व्याख्येत बसते का, ह्यावर वाद झाला आणि मार्च 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राच्या परिपत्रकाला स्थगिती दिली. म्हणून 18 सप्टेंबर 2019 ला वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण, जाहिरात, सगळे बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षे आणि पाच लाख. साठवणुकीला सहा महिने किंवा पन्नास हजार. ओढणाऱ्याबद्दल मात्र एक शब्द नाही.

हे चुकून राहिले असे मला वाटत नाही. मघाशी सांगितलेला मुंबईचा दारूबंदी कायदा आठवा. पिणाऱ्याला पकडायला लागलो की तुरुंगात गरीब जातो आणि परवाना श्रीमंताला मिळतो. सवयीत अडकलेल्या पोराला गुन्हेगार ठरवायचे नाही, त्याच्यापर्यंत माल पोचू द्यायचा नाही, हे धोरण माणुसकीचे आहे. कर्नाटकाने 2024 मध्ये हुक्काबारवर बंदी आणली तेव्हाही रोख धंद्यावरच होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. राज्याच्या नव्या दुरुस्तीने तंबाखू विकत घेण्याचे वय 18 वरून 21 केले आहे.

ह्याची दुसरी बाजूही आहे. इंग्लंडमध्ये डॉक्टर धूम्रपान सोडणाऱ्यांना वेप सुचवतात. तिथे वापरून फेकायची वेप 1 जून 2025 पासून बंद झाली, बाकीची नाही. आपल्याकडे जाळायची सिगारेट कोपऱ्यावर मिळते आणि न जाळायची गुन्हा, हे तर्काला धरून नाही असे कुणी म्हटले तर मला उत्तर देता येणार नाही. पण जी सवय आपल्याकडे अजून रुजलेली नाही तिला दारातच अडवावे, हा त्या जुन्या हकिमाचा मुद्दा मला पटतो. तंबाखूच्या वेळी तो हरला. त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

त्या दिवशी भाच्याशी मी हे काहीच बोललो नाही. जप्त करून नेण्याचा विचार मनात आला होता. नंतर कायदा वाचताना हसू आले. नेली असती तर ‘वाहतूक’ मामानेच केली असती, तीही कॅसलरॉकवरून, आजोबांच्या काळासारखी!

संध्याकाळी धारवाडला लाइन बाजारात जाऊन पेढे घेतले. तो तपकिरी, रवाळ पेढा भाच्याने अख्खा तोंडात टाकला. मी नेहमीप्रमाणे माझा तोडून दोन तुकडे केले. तो लहानपणापासून हे बघत आला आहे, कधी विचारले नव्हते. मग मी तीन बोटे उभी धरली आणि तोंडात घालून दाखवली. दोन गेली. तिसरी बाहेर राहिली.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईक सांगूं नाका."

ताईला अजून सांगितलेले नाही. सांगावे की नाही, ह्याचे कलम कुठल्याच कायद्यात सापडले नाही.