ट्रेलरवर जेसीबी, पोकलेन बांधताना

अवजड सामान हलवणे नगर (अहिल्यानगर) जिल्ह्याला नवे नाही. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली निजामशाहीत इथेच, अहमदनगरला, मुहम्मद बिन हसन रूमी यांनी ओतली. सुमारे ५५ टनांचे हे धूड आधी परांड्याला आणि १६३२ मध्ये विजापूरला गेले. त्यासाठी ४०० बैल आणि १० हत्ती जुंपले होते असे सांगतात. पण बैलांच्या चालीने जाणारी तोफ अचानक ब्रेक लागून पुढे घसरत नव्हती. आजचा ट्रेलर घसरवतो.

आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपण पोरांना सांगतो. वीस टनांचा उंट बांधायचा कसा, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. आपल्या घरांतली कितीतरी मुलं ट्रेलरवर ड्रायव्हर, ऑपरेटर, क्लीनर आहेत, माझ्या वर्गात शिकलेलीही आहेत.

जोरात ब्रेक दाबला की यंत्राच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढच्या बाजूला येतो, असे धरून युरोपात बांधणी करतात. म्हणजे २० टनी पोकलेनचा १६ टन. आणि पुढे काय असतं? ड्रायव्हरची केबिन. बाजूला आणि मागे निम्मा जोर धरतात. म्हणून दोर चालत नाही. पाच सेंटिमीटर रुंदीचा चांगला रॅचेट बेल्टही सरळ ओढीत साधारण अडीच टनच धरतो. पोकलेनला चेन आणि बाइंडरच हवेत, आणि चेनवर किती टनांची क्षमता लिहिली आहे ते वाचून घ्यावे. गाठ मारलेली किंवा पीळ पडलेली चेन वापरू नये.

ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना ठोकळे लावावेत. ट्रॅकला, टायरला लागलेला चिखल आधी खरवडून काढावा. ओल्या मातीवर लोखंड साबणासारखं सरकतं. यंत्राचा भार ट्रेलरच्या चाकांवर आणि थोडा पुढे यावा. बकेट खाली टेकवावी, पार्किंग ब्रेक आणि फिरकीचे लॉक लावून इंजिन बंद करावे. मग चारही कोपऱ्यांना वेगवेगळ्या चेन, दोन पुढे ओढणाऱ्या, दोन मागे. हुक कंपनीने दिलेल्या कड्यांतच अडकवावा, हायड्रॉलिक पाइपला किंवा सिलिंडरला कधीही नाही. बूम आणि बकेटला स्वतंत्र चेन हवी, ही बहुतेक जण विसरतात.

उंची बूमसकट मोजावी, गावातल्या विजेच्या तारा खाली लोंबतात. भार ठरलेल्या मापाबाहेर गेला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये दंड आहे, शिवाय तो उतरवण्याचा खर्चही.

पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून चेन पुन्हा आवळाव्यात. जेसीबीचे टायर दबतात, त्यामुळे चेन हमखास ढिली पडते. करंजी किंवा चंदनापुरीच्या घाटात उतरण्याआधी परत एकदा. नमाजला, चहाला गाडी थांबली की हात लावून एक चक्कर मारायला दोन मिनिटं लागतात.