ग्रंथालयाची बागेकडील बाजू



बडोदेकराला ग्रंथालय म्हटले की मांडवी आठवते आणि बाग म्हटले की सयाजीबाग. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये ही बाग उभारली. १८९४ मध्ये तिच्यात संग्रहालयही झाले. परंतु १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून त्यांनी जी ग्रंथालय-व्यवस्था घडवली, तिचे मध्यवर्ती ग्रंथालय भर वस्तीत नांदले. वाचक जेथे असेल तेथे ग्रंथ पोचावा, ही त्या व्यवस्थेची दृष्टी. फिरत्या ग्रंथपेट्या खेडोपाडी गेल्या त्या यामुळेच. आता नवे ग्रंथालय बागेतच बांधावे, अशी सूचना अधूनमधून कानी येते. तिचा विचार करताना बॉर्डन यांच्याच देशातील एक उदाहरण मला बोधप्रद वाटते.

न्यूयॉर्कचे सार्वजनिक ग्रंथालय १९११ मध्ये खुले झाले. पाठीशी ब्रायंट पार्क ही बाग. पण प्रशस्त पायऱ्या आणि संगमरवरी सिंह हे सारे वैभव रस्त्याकडे. बागेच्या वाट्याला आली ती ग्रंथभांडाराच्या उंच, चिंचोळ्या खिडक्यांची भिंत. शेजार होता, येणेजाणे नव्हते.

ते सुरू झाले १९३५ मध्ये, आणि वास्तुशिल्पामुळे नव्हे. महामंदीत काम गमावलेली माणसे बागेत दिवस कंठीत होती. ग्रंथालयाने त्यांच्यासाठी पुस्तके व नियतकालिके झाडांखाली आणून मांडली. पैसे नकोत, ओळखपत्र नको. जागतिक युद्धाच्या काळात हा उपक्रम थांबला आणि २००३ मध्ये पुन्हा सुरू झाला.

बागेची स्वतःची कहाणी मात्र दुःखद आहे. १९३४ च्या नव्या रचनेत ती रस्त्याहून उंच, कुंपण व झुडपांच्या आड गेली. १९७० नंतर तेथे अमली पदार्थांचा बाजार भरू लागला. बाहेरून आतले दिसत नसेल तर सज्जन आत पाऊल टाकीत नाही, हे विल्यम व्हाइट या अभ्यासकाने ओळखले. १९९२ मध्ये बाग पुन्हा उघडली ती झुडपे छाटून, वाटा रुंद करून आणि हव्या तेथे ओढून बसता येतील अशा सुट्या खुर्च्या ठेवून. त्याच सुमारास ग्रंथांना जागा अपुरी पडली, तेव्हा बागेवर इमारत न चढविता हिरवळीखाली दोन मजली भांडार खोदून भुयाराने मूळ इमारतीला जोडले. (खालचा मजला मात्र बरीच वर्षे रिकामाच राहिला!) बागेचा एक हातही न घेता ग्रंथालय वाढले, याचे मला विशेष कौतुक वाटते.

तरीही हा उपाय जसाच्या तसा उचलणे आपल्याला परवडणारे नाही. सयाजीबागेतून विश्वामित्री वाहते. २०१९ आणि २०२४ चे पूर बडोद्याने पाहिले आहेत. तेथे तळघरात ग्रंथ ठेवणे म्हणजे ते नदीच्या स्वाधीन करणे. शिवाय आपल्या बागांचे वैभव जुन्या वृक्षांत आहे. खोदकामाने त्यांची मुळेच तुटतील. बांधायचेच असेल तर मोकळ्या कडेला, ग्रंथ वरच्या मजल्यावर ठेवून, खाली सर्व बाजूंनी उघडी ओसरी असावी, आणि तिचे दार बागेच्या वाटेवर उघडावे.

आणि १९३५ चा उपक्रम तर इमारतीवाचूनही करता येईल. ग्रंथपेटीची प्रथा आपलीच आहे. मांडवीहून सयाजीबागेत चार पेट्या न्यायला एक टेंपो पुरतो.