जीपचे सुकाणू : ढिलेपणा व त्याचे निदान

जीपचे सुकाणू : चारही चाकांना एंजिनाची शक्ती पुरविता येणाऱ्या जुन्या जीपवर्गीय गाडीची दिशा बदलणारी यंत्रणा. व्यवहारात हिला स्टिअरिंग म्हणतात. सुकाणू चक्र काही अंशांतून फिरविले तरी पुढील चाके हलत नाहीत, अशा दोषास ढिलेपणा किंवा कारागिरांच्या बोलीत ‘प्ले’ असे म्हणतात. हा दोष क्वचितच एखाद्याच भागात असतो. बहुधा अनेक सांध्यांतील थोड्याथोड्या झिजेची ती बेरीज असते. म्हणून दुरुस्तीपूर्वी झीज कोठे आहे हे ठरविणे महत्त्वाचे असते. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांचा भूप्रदेश आणि तेथील रस्त्यांत झालेला बदल यांच्या संदर्भात या दोषाची कारणे व त्याचे गांभीर्य विशेष स्पष्ट होते.

इतिहास : दोनचाकी बैलगाडीस सुकाणू नसते, बैल वळले की गाडी वळते. चारचाकी घोडागाडीत पुढील आस मध्यावरील खिळीभोवती संपूर्ण फिरत असे व तीव्र वळणावर गाडी उलटण्याचा संभव असे. म्यूनिकचे गाडी बनविणारे कारागीर गेओर्क लांकेनश्पेर्गर यांनी आस स्थिर ठेवून तिच्या टोकांवरील चाके स्वतंत्रपणे वळविण्याची योजना केली. तिचे इंग्लंडमधील एकस्व (पेटंट) १८१८ मध्ये रूडोल्फ आकरमान यांनी घेतले. त्यावरून ही रचना आकरमानच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मोटारगाडीचे सुकाणू याच तत्त्वावर विकसित झाले. मात्र त्यामुळे सुकाणू चक्र व चाके यांच्यामध्ये अनेक सांधे आले. ढिलेपणाचे मूळ या सांध्यांत आहे.

अमेरिकन सैन्याच्या गरजेतून १९४० मध्ये बँटम कंपनीने जीपचा पहिला नमुना तयार केला. १९४१ पासून विलीज व फोर्ड या कंपन्यांनी तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले. रणभूमीवर साध्या हत्यारांनी दुरुस्त करता येईल अशी गाडी हवी असल्याने तिच्यात सुकाणूची यांत्रिक रचनाच वापरली होती. तीत द्रवीय दाबाचे साहाय्य नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने विकावयास काढलेल्या जीपगाड्या भारतातही वापरात आल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे महिंद्र आणि महिंद्र या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकेत सीजे-३बी हा नमुना १९५३ ते १९६८ या काळात तयार होत होता. भारतात त्याचे उत्पादन त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिले. परिणामी मूळ रचनेचे सुकाणू येथे कित्येक दशके वापरात राहिले.

सामूहिक विकास योजना १९५२ मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रात १९६२ मध्ये पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. यांमुळे गटविकास अधिकाऱ्याची जीप ग्रामीण भागात परिचित झाली. १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्यातही अशा गाड्यांना अनुरूप भूभाग होता. पेणच्या पश्चिमेस खाडीलगतची खारजमीन व मातीचे बांध, पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याच्या टेकड्या. रोहा तालुक्यात कुंडलिकेचे खोरे व डोंगराळ वाड्या, असे हे स्वरूप आहे. येथे वर्षाकाठी सु. ३,००० मिमी. पाऊस पडतो. चिखलपाण्याने सांध्यांतील ग्रीस धुऊन जाते, खाऱ्या हवेने खिळ्या व वाट्या गंजतात आणि खड्ड्यांचे धक्के त्याच सांध्यांवर येतात. त्यामुळे किलोमीटर कमी धावलेल्या गाडीतही ढिलेपणा येऊ शकतो.

रचना : सुकाणू चक्राच्या दांड्याच्या खालच्या टोकास सर्पिल खाच असलेला भाग असतो. त्या खाचेत तरफेच्या दोन खुंट्या सरकतात व तरफेचा दंड वळतो. हे सर्व ज्या पेटीत असते तिला स्टिअरिंग बॉक्स म्हणतात. पेटीबाहेरील ड्रॉप आर्म ड्रॅग लिंकला ढकलतो. ड्रॅग लिंक बेल क्रँक या कोनी तरफेस फिरविते. तिच्यापासून निघालेले टाय रॉड दोन्ही चाके वळवितात. प्रत्येक चाकाचा सांधा किंगपिनभोवती फिरतो आणि चाक हबमधील बेअरिंगवर फिरते. युद्धकालीन जीपच्या पेटीचे गुणोत्तर मध्यावर १२ व टोकांकडे १४ होते. म्हणजे ड्रॉप आर्मच्या पलीकडील सांध्यांत १ अंशाइतकी मोकळीक आली, तर सुकाणू चक्रावर ती १२ ते १४ अंश जाणवते. अल्प झीज हाताला मोठी वाटते ती यामुळे.

निदान : प्रथम तीन लक्षणे वेगळी करावी लागतात. चक्र फिरूनही चाक न हलणे हा ढिलेपणा होय. चक्र घट्ट असूनही गाडी सरळ न जाणे याचे कारण टायरमधील हवेचा दाब, बसलेले पाटे किंवा चाकांचे बिघडलेले कोन हे असू शकते. विशिष्ट वेगास पुढील चाके थरथरणे हे असमतोल चाक, सैल बेअरिंग किंवा सैल किंगपिन यांमुळे घडते.

तपासणी जमिनीकडून वर, म्हणजे चाकांपासून सुकाणू चक्राकडे, करणे योग्य असते. टायरमधील हवा व चाकांचे नट पाहिल्यानंतर पुढील आस जॅकने उचलून खाली भक्कम टेकू देतात. चाक वर-खाली धरून हलविताना मोकळीक जाणवल्यास मदतनिसास ब्रेक दाबावयास सांगतात. मोकळीक नाहीशी झाली तर दोष हब बेअरिंगचा, राहिली तर किंगपिनचा असतो. कारण ब्रेकमुळे हब व सांध्याचा भाग एकमेकांस जखडले जातात. त्यानंतर चाक डाव्या-उजव्या बाजूंना धरून टाय रॉडची टोके तपासतात.

पुढील परीक्षा गाडी जमिनीवर उभी करून होते. मदतनीस चक्र थोडे डावीकडे व उजवीकडे फिरवितो आणि परीक्षक प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून पाहतो. सांध्याचा एक भाग हलतो व दुसरा स्थिर राहतो तेथे झीज असते. बेल क्रँकची खिळी व बुश यांची झीज या पद्धतीने लगेच सापडते. पेटीच चासीवर हलत असेल तर तिचे बोल्ट सैल असतात किंवा चासीस तडा गेलेला असतो. पाट्यांचे यू-बोल्ट व शॅकलचे बुश सैल असल्यास संपूर्ण आसच सरकते.

स्टिअरिंग बॉक्सची तपासणी शेवटी करतात. ड्रॅग लिंक सोडवून, चाके सरळ असतानाच्या मध्यस्थितीत समायोजन स्क्रू बेताने आवळावा लागतो. कारण खाच मध्यावर मुद्दाम अरुंद ठेवलेली असते. वळलेल्या स्थितीत आवळल्यास चक्र मध्यावर अडकते. बाहेरील सांधे झिजलेले असताना केवळ हा स्क्रू आवळण्याची प्रथा धोक्याची आहे. हाताला जाणवणारा ढिलेपणा तिने काही काळ कमी होतो. झिजलेली खिळी वा वाटी मात्र तशीच राहते, पेटीतील भाग अधिक झिजतात आणि चक्र आपोआप सरळ होण्यास अडथळा येतो.

महत्त्व : ढिलेपणाचे गांभीर्य वेगावर अवलंबून असते. दिशा सुधारण्यास अर्धा सेकंद उशीर झाला, तर ताशी २० किमी. वेगाने गाडी सु. २.८ मी. पुढे जाते, ताशी ६० किमी. वेगाने सु. ८.३ मी. जाते. बांधावरील वाटेवर चालून जाणारा दोष महामार्गावर समोरून येणाऱ्या वाहनाच्या वाटेत नेऊ शकतो. पेण, नागोठणे व कोलाड यांवरून जाणाऱ्या मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू होऊन दीर्घकाळ रेंगाळले. गुळगुळीत रस्त्यावरील वेग व अपुऱ्या भागातील खड्डे हे दोन्ही एकाच प्रवासात जुन्या सुकाणूच्या वाट्याला आले.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९८ व्या नियमानुसार सुकाणू चक्रावरील मोकळीक ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. ४० सेंमी. व्यासाच्या चक्राच्या कडेवर हे अंतर सु. १०.५ सेंमी. भरते. सुकाणूच्या सांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट व खिळ्या सुटणार नाहीत अशा पक्क्या कराव्यात, असेही हा नियम सांगतो. रबरी टोपी चिखलपाणी रोखते आणि स्प्लिट पिन सैल नट गळून पडू देत नाही. या अल्पमोली वस्तूंच्या अभावी सांधा निखळल्यास चाके चालकाच्या ताब्यात राहत नाहीत. ३० अंशांची मर्यादा मोकळीक किती असावी एवढेच ठरविते. ती मर्यादेत असली तरी एकाच सांध्यात एकवटलेली असल्यास तो भाग बदलणे आवश्यक असते. यासाठी प्रत्येक पावसाळ्यानंतर सर्व सांधे स्वतंत्रपणे तपासून त्यांत नवे ग्रीस भरणे इष्ट ठरते.