२२ सप्टेंबर आणि लक्ष्मीबाईंची चूल

कार्यक्रमाच्या सुरुवातीला तुम्ही हायस्कूलची सूचना ऐकलीत. २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंती आहे. सकाळी मिरवणूक, नंतर भाषणे आणि जुन्या फोटोंचे प्रदर्शन. आठवी ते दहावीच्या ज्या मुलामुलींना स्वयंसेवक व्हायचे आहे, त्यांनी वर्गशिक्षकांकडे नावे द्यायची आहेत. कुणाच्या घरी शाळेचा जुना फोटो, दाखला किंवा प्रगतिपुस्तक असेल तर तेही हवे आहे.

सूचना ऐकली आणि वाटले, आज या जयंतीमागची गोष्ट सांगावी. कर्मवीर भाऊराव पाटील कोण होते हे सातारा जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. पण मिरवणुकीत त्यांचा फोटो पुढे असतो, आणि त्यांच्या घरातली चूल बहुतेक वेळा मागेच राहते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरकडच्या कुंभोज गावचा. शिक्षण फार झाले नाही. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी फिरले. त्या फिरतीत त्यांनी पाहिले, की रान आहे, राबणारे हात आहेत, पण घरात अक्षर नाही. सत्यशोधक विचारांच्या माणसांबरोबर त्यांनी कराड तालुक्यातल्या काले गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्था सुरू केली. तो दसऱ्याचा दिवस होता. पुढे १९२४ मध्ये संस्थेचे काम साताऱ्याला आले आणि तिथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नामकरण झाले.

या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. आज वाचताना हे सोपे वाटते. पण ज्यांच्या आईबापांना गावच्या पाणवठ्यावर पाऊल ठेवू देत नव्हते, त्यांची मुले आणि पाटला-कुलकर्ण्यांची मुले एकाच भांड्यातली आमटी वाढून घेत होती. तो काळ शंभर वर्षांपूर्वीचा होता.

आणि त्या पंगतीची काळजी वाहत होत्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. जैन घरातल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. अशा बाईने सगळ्या जातींच्या मुलांना पोटच्या पोरांसारखे जेवू घालायचे म्हणजे आधी स्वतःच्याच मनातला उंबरा ओलांडायचा. भाऊराव वर्गणी गोळा करायला गावोगाव असत. इकडे कणगीचा तळ दिसला की मुलांची तोंडे लक्ष्मीबाईंपुढे. त्यांनी एकेक दागिना मोडला. एकदा घरात दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही दिले आणि मुलांचे जेवण केले, असे सांगतात. आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे, मंगळसूत्र काढून देणे म्हणजे काय. नवरा जिवंत असताना रिकाम्या गळ्याने आल्या-गेल्यासमोर उभे राहणे म्हणजे काय. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचे पुढे झालेले मोठे झाड त्यांना पाहायला मिळाले नाही.

पण आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या बोर्डिंगात मुले आयते जेवणारी नव्हती. स्वावलंबन हेच संस्थेचे ब्रीद. झाडलोट, पाणी, स्वयंपाक, शेत, ही कामे मुलगेच पाळीपाळीने करत. पुढे १९४० मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले आणि 'कमवा आणि शिका' ही योजना घरोघरी माहीत झाली. मुलांनी दगड फोडले, माती वाहिली, रानात काम केले आणि आपल्या शिक्षणाचा खर्च आपणच उचलला. काम हलके किंवा भारी नसते, बाईचे किंवा पुरुषाचे नसते, हे तिथे पुस्तकातून शिकवले नाही, हातातून शिकवले.

आता आपल्या जयंतीकडे येऊ. अनेक ठिकाणी दिसणारी गोष्ट सांगते, कुणा एका शाळेची नाही. स्वयंसेवकांची यादी लागते. मुलींच्या नावापुढे रांगोळी, औक्षण, पाहुण्यांना चहा. मुलग्यांच्या नावापुढे माईक, मंडप, सूत्रसंचालन. कार्यक्रम संपला की झाडू पुन्हा मुलींच्याच हातात. ज्या कर्मवीरांची मुले स्वतः भाकरी थापत होती, त्यांच्याच जयंतीला असे व्हावे? रांगोळीत वाईट काही नाही. पण चहा मुलग्यांनी द्यावा, एखादीने माईक धरावा, आणि पटांगण सगळ्यांनी मिळून झाडावे. एवढे झाले तरी त्या दिवशी हारापेक्षा मोठी आठवण निघेल.

म्हणून दोन गोष्टी मागते. मुलगा किंवा मुलगी नाव देऊन घरी आली, की विचारा, "तुला कुठलं काम दिलंय?" उत्तर ऐका, आणि गरज वाटली तर पालक सभेत सरांशी किंवा बाईंशी बोला. भांडायला नको, नुसते विचारायचे.

दुसरे, प्रदर्शनाचे. तुमच्या घरी फोटो नसेलही. पूर्वी बायकांचे फोटो कोण काढत होते? पण आठवण असेल. सासूबाईंना, आजीला विचारा. शाळेच्या बांधकामाला कुणाच्या घरातून माणूस गेला होता? वसतिगृहाला ज्वारी कुणी दिली? परगावच्या पोराला दोन वेळ कुणी जेवू घातले? तुम्ही कितवीत शाळा सोडलीत आणि का? मुलांना हे वहीत उतरवून घेऊ द्या, खाली आजीचे नाव आणि गाव लिहू द्या. ते पान फोटोशेजारी लागू द्या. देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर चुलीपाशी बसलेल्या बाईचे नाव क्वचितच सापडते. वहीत मात्र ते लिहिता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मिरवणुकीला या. वाटेत भाऊरावांच्या जयजयकारासोबत लक्ष्मीबाईंचे नावही मोठ्याने घ्या. नमस्कार.