नाण्यावरचा हत्ती आणि काठावरचं नाव

देवरीत आज आपण एकच नाणं ओळखू या, सातवाहनांचं. झिजलेलं असलं तरी सोंड उंचावलेला हत्ती लगेच दिसतो. पण एवढ्यावरून राजा कोणता, हे कळत नाही. तोच हत्ती अनेक सातवाहन राजांच्या नाण्यांवर आहे. मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकचिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं. राजाचं नाव मात्र हत्तीच्या बाजूला, काठाशी, ब्राह्मी लिपीत असतं. आपल्या विदर्भात, आजच्या वाशिम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला, १९३९ साली अशी सुमारे १६०० नाणी सापडली. वा. वि. मिराशींनी ती वाचली, तेव्हा पुराणांच्या याद्यांत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी हे राजे उजेडात आले. म्हणून सांगतो, शेतात जुनं नाणं मिळालं तर चिंच लावून घासू नका. हत्ती राहील, पण राजा पुसला जाईल.