टोचणीचा दाखला

समुद्रापलीकडे जावयाचे म्हणजे पूर्वी आपल्याकडे परत आल्यावर घ्यावयाच्या प्रायश्चित्ताची चिंता आधी असे. आता चिंता असते ती निघण्याआधी दंडात घ्यावयाच्या सुईची. तसे पाहिले तर दोन्ही विधींच्या मुळाशी भीती एकच. लांबून आलेला माणूस आपल्याबरोबर काय घेऊन येईल, ही ती भीती. प्रायश्चित्ताच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. सुईची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही, आणि तिचा मोठा भाग तर आपल्या मुंबईतच घडलेला आहे.

आमची पोखर्णी परभणीजवळचे नृसिंहाचे गाव. रेल्वे स्टेशनच्या पाटीवरही देवाचेच नाव आहे. अशा गावांतूनही परदेश ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कोणी आखातात कामाला जातो, कोणी हजला, तर कोणाचे आईवडील लेकीच्या बाळंतपणासाठी थेट अमेरिकेला. म्हणून दिवाळीच्या फराळाबरोबर हा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवतो.

आरंभ देवीपासून करू. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर गोस्तनदेवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ही पहिली यशस्वी टोचणी. मौज अशी की त्या वेळी ही लस स्वतःच परदेशप्रवास करून आली होती. बर्फाच्या पेट्या नव्हत्या. एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्या मुलाच्या दंडावर, अशी बगदाद, बसरा करीत ती मुंबईस पोहोचली. आज आपण लस घेऊन प्रवासाला निघतो. तेव्हा लसच माणसांच्या अंगावरून प्रवास करीत होती!

पुढे आगबोटी आल्या आणि जग जवळ आले. रोगांनाही ते तितकेच जवळ आले. 1865 साली हजच्या वेळी मक्केत पटकी उसळली. हजारो यात्रेकरू दगावले आणि ती साथ इजिप्तमार्गे युरोपच्या बंदरांत शिरली. युरोपातील सरकारांची झोप उडाली. दुसऱ्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल येथे परिषद भरली आणि पटकीचे माहेर म्हणून हिंदुस्थानाकडे बोट दाखविण्यात आले. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर ही धास्ती आणखी वाढली. 1882 पासून तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर दक्षिणेकडून येणाऱ्या यात्रेकरूंना उतरवून घेऊ लागले. तेथे अंघोळ, कपड्यांना वाफ, दिवसचे दिवस मुक्काम, आणि या सगळ्याचे पैसे यात्रेकरूनेच भरावयाचे. जन्मभराची पुंजी गाठीला बांधून मुंबईच्या धक्क्यावर बोटीत चढलेला गरीब यात्रेकरू वाळूच्या बेटावर अडकून पडे. त्याच्या प्रकृतीची काळजी म्हणून हे चाललेले नव्हते. त्याच्यापासून इतरांना वाचविण्याची ती व्यवस्था होती. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

उलट, ज्याला खरोखर जपावयास हवे होते त्याला जपण्याचे साधन त्या काळी नव्हते. आनंदीबाई जोशी एप्रिल 1883 मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या आणि प्रकृती आधीच नाजूक होती. क्षयाचा जंतू कॉखने जगाला दाखविला त्याला जेमतेम वर्ष झाले होते. त्या आजारावरची बी.सी.जी. लस माणसाला प्रथम देण्यात आली ती 1921 साली. आनंदीबाई डॉक्टर होऊन 1886 च्या अखेरीस परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. ज्ञान मिळविण्यास त्या गेल्या, पण त्यांना वाचविणारे ज्ञान तेव्हा कोणत्याच देशात नव्हते. मुलांना शाळेत हा धडा शिकविताना माझा स्वर दर वेळी जरा खाली येतो.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि सारे चित्र पालटले. पुढल्या वर्षी युरोपातील राष्ट्रांची प्लेगसंबंधी परिषद व्हेनिसला भरली. मुंबईहून हजला जाणाऱ्या बोटी त्या साली बंद ठेवण्यात आल्या. त्याच 1897 च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, पुण्यात घरझडत्या झाल्या आणि जूनमध्ये रँडसाहेबाचा वध झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. बंदुकीच्या धाकाने रोग आवरत नाही, हा त्या वर्षाचा धडा.

त्याच वर्षी, त्याच मुंबईत, दुसरा एक माणूस वेगळ्याच रीतीने प्लेगाशी लढत होता. वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू. पटकीची लस त्याने 1892 मध्ये पॅरिसला आधी स्वतःला टोचून घेतली होती. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका छोट्या जागेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी, पुढे इतरांना दिली त्याहून मोठी मात्रा स्वतःच्या अंगात घेतली. ताप भरला, वेदना झाल्या, तो बरा झाला. मग भायखळ्याच्या तुरुंगातील राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचली. लोक भीत होते, तेव्हा आगाखानांनी आपल्या अनुयायांदेखत ती टोचून घेतली. सोजिराने दार फोडून जे साधले नाही, ते वडीलधाऱ्या माणसाने बाही वर करून साधले.

हाफकिनच्या प्रयोगशाळेला 1899 मध्ये परळची जुनी गव्हर्नराची कोठी मिळाली. याच कोठीत राहणाऱ्या गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी 1882 मध्ये पटकीने वारल्या होत्या. पुण्याच्या कॉलेजाला नाव आहे ते याच फर्ग्युसनांचे. पटकीने माणूस नेलेल्या वास्तूत लशीचे घर व्हावे, असे कादंबरीत लिहिले तर वाचक म्हणतील की लेखकाने योगायोग जुळविला. 1925 पासून त्या संस्थेला हाफकिनचेच नाव आहे.

पण त्याच्या वाट्याला यशाबरोबर बट्टाही आला. 1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. सरकारने दोष प्रयोगशाळेच्या माथी मारला आणि हाफकिनला कामावरून दूर केले. बाटली उघडताना गावातच जंतू शिरले असावेत, असे पुढे तज्ज्ञांनी दाखविले. हिवतापाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस त्याच्या बाजूने उभे राहिले आणि 1907 मध्ये त्याच्यावरील डाग पुसला गेला. त्या एकोणीस घरांचे काय झाले असेल, हा विचारही मनातून जात नाही. लशीवर विश्वास ठेवा असे सांगणाराने ती नावेही आठवणीत ठेवली पाहिजेत. बाटली, सुई आणि हात स्वच्छ हवेत, ही त्या गावाने फार महाग दरात दिलेली शिकवण आहे.

विमाने आली तेव्हा रोगाला काही तासांत समुद्र ओलांडता येऊ लागला. सर्वांत मोठी भीती होती पीतज्वराची. तो आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत असतो, आपल्याकडे नाही; पण तो पसरविणारा ईडिस डास आपल्या पाण्याच्या पिपांत सुखाने नांदतो. एक आजारी प्रवासी आणि असे लक्षावधी डास यांची गाठ पडली तर काय होईल ते सांगावयास नको. म्हणून त्या देशांतून दाखल्याशिवाय येणाऱ्याला आपले सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते. ही लस सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते. टोचल्यापासून दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि 2016 पासून तो जन्मभर चालतो. हजच्या यात्रेकरूंना मेंदूज्वराची लस घ्यावी लागते, कारण लाखोंच्या गर्दीत तो रोग पूर्वी पसरलेला आहे.

कधी कधी दाखले रद्दही होतात. पटकीच्या टोचणीने साथ अडत नाही असे दिसून आल्यावर 1973 मध्ये तिची सक्ती जागतिक नियमांतून गेली. देवी तर 1980 मध्ये जगातूनच गेली, मग तिचा दाखला कशाला? एखादा कागद निरुपयोगी व्हावा यासारखा विजय क्वचित मिळतो.

आणि 2021 चे साल कोण विसरेल? पुण्यात तयार झालेली करोनाची लस टोचून गेलेल्यांनाही ब्रिटनने काही काळ लस न घेतलेल्यांप्रमाणेच धरले. लस तीच, सूत्र त्यांच्याच देशातले. शंका होती ती आपल्या दाखल्याबद्दल. आपण तशीच अट त्यांच्या प्रवाशांना घातली तेव्हा ऑक्टोबरात तोड निघाली. कामरानच्या बेटावरील जुना संशय पुरता मेलेला नाही, हे त्यातून कळले.

म्हणून परदेशी निघणाऱ्याने दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. दाखला मागतात तो त्यांच्या भीतीपोटी. तो मुकाट्याने द्यावा. पण स्वतःच्या जिवासाठी जे करावयाचे ते कोणी मागत नसते. तिकीट काढले की महिना-दीड महिना आधी डॉक्टरकडे जावे. साखरेची, रक्तदाबाची औषधे चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत, त्यांची खरी नावे कागदावर लिहून घ्यावीत, कारण आपल्याकडचे व्यापारी नाव तिकडच्या दुकानदाराला समजेलच असे नाही. आईवडिलांना बोलावणाऱ्या मुलांनी विम्याचे कागद आधी नीट वाचावेत. घरातील म्हातारे माणूस ‘मला काही होत नाही’ म्हणेल. तरी त्याला दवाखान्यात न्यावे, आणि ते बिचकले तर त्याच्याआधी आपण बाही वर करावी.